परदेशातून एअर रायफल आणण्याबाबत सल्ला हवा आहे (बजेट दीड लाख)

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

लेक १४ वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून इथे कोल्हापुरात क्लबवर १० मीटर एअर रायफल शिकते. स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. कांबळवाडी आमच्यापासून फार लांबही नाही.

अडचण अशी, की क्लबची एक रायफल चार मुलांत वाटून घ्यावी लागते. प्रत्येकाची उंची वेगळी, हात वेगळे. आधीच्या मुलाने बट आणि गालपट्टी त्याच्या मापाने लावलेली असते. ती फिरवून आपल्या मापाला आणेपर्यंत हिच्या वेळेतला बराच वेळ जातो. सर म्हणतात, आता स्वतःची घ्या.

धाकटा भाऊ श्टुटगार्टला असतो, दिवाळीला येतोय. वाल्थर आणि आन्शुट्झ या दोन्ही कंपन्या उल्ममध्ये, म्हणजे त्याच्या घरापासून तासा-दीड तासावर. तो म्हणतो, "दादा, दुकानात जाऊन घेतो आणि सामानातून आणतो, तू काळजी करू नको." मला काळजी वाटते म्हणून विचारतोय.

१. भावाने सामानातून आणलेली चालते का?
२. नाही चालत, तर कायदेशीर मार्ग कोणता?
३. दीड लाखात काय येईल? यापेक्षा जास्त शक्य नाही, ही विनंती.

---

टेन_पॉइंट_नाइन

काका, डोळे झाकून वाल्थर एलजी ४०० घ्या. माझ्याकडे आहे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असलेलंच मॉडेल घ्या, साधं घेतलंत तर दोन वर्षांनी बदलावंसं वाटणारच. मी पुण्यात डीलरकडून घेतली, सगळं धरून साडेतीनच्या आसपास गेली. एकदाच घ्यायची वस्तू आहे, पैशाकडे बघू नका. बालेवाडीला माझ्या लेनवर येऊन लोक हात लावून बघतात.

---

पंचगंगाकाठ

धन्यवाद, पण बजेट दीड आहे.

---

जुना_छर्रा

एअरगनला लायसन्स लागतच नाही हो. मी १९९८ साली दुकानातून घेतली, पावतीसुद्धा साध्या वहीतली होती. आजपर्यंत कुणी विचारलं नाही. भावाला सांगा, कपड्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाक आणि ये. उगाच सरकारी भानगडीत पडू नका.

---

न्हावाशेवा_सीएचए

जुना_छर्रा, कृपा करून असा सल्ला देऊ नका. समोर एका मुलीचं करिअर आहे.

माझा व्यवसाय कस्टम्स क्लिअरिंगचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बाळगायला परवाना लागत नाही आणि देशात आणता येते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक इथेच फसतात.

बाळगण्याचं आधी. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे एअर रायफलची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असेल किंवा बोअर .१७७ म्हणजे ४.५ मिमीपेक्षा मोठा असेल तर परवाना लागतो. दोनपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी लागतो. १० मीटरची मॅच रायफल ४.५ मिमीचीच असते आणि तिची ऊर्जा ७.५ जूलच्या आसपास असते, म्हणजे ती आरामात मर्यादेत बसते. पण .२२ बोअरची, म्हणजे ५.५ मिमीची एअरगन कितीही मऊ मारा करत असली तरी परवान्याखाली येते. १९९८ची वही आता चालत नाही. आज डीलर ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतल्याशिवाय देत नाही, आणि देऊही नये.

आता आणण्याचं. आयात-निर्यात धोरणात शस्त्रांचं प्रकरण ९३ आहे. एअर रायफली त्यातच येतात. हा माल 'निर्बंधित' आहे, म्हणजे परदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) परवानगीशिवाय आणता येत नाही. ही परवानगी साधारणपणे नामांकित नेमबाज, रायफल क्लब किंवा रीतसर आयातदार डीलर यांना मिळते. नेमबाजाचा अर्ज भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेकडून (एनआरएआय) जातो आणि क्रीडा खात्याची शिफारस लागते. नामांकित नेमबाजाला सीमाशुल्कातही सवलत मिळते.

तुमचा भाऊ यात कुठेच बसत नाही. तो नेमबाज नाही, क्लब नाही, डीलरही नाही. हातात फक्त जर्मन दुकानाचं बिल घेऊन तो मुंबईला उतरला आणि लाल चॅनेलला जाऊन प्रामाणिकपणे सांगितलं, तरी रायफल अडकणार. हिरव्या चॅनेलमधून निघाला आणि स्कॅनरवर दिसली, तर जप्ती, दंड आणि पुढची चौकशी. दिवाळी विमानतळावरच.

---

सई_श्टुटगार्ट

मी इथलीच आहे, भावाला ओळखत नसले तरी. जर्मनीतली बाजू सांगते.

इथे पंचकोनात 'एफ' असा शिक्का असलेली, ७.५ जूलपर्यंतची एअर रायफल १८ वर्षांवरच्या कुणालाही परवान्याविना मिळते. त्यामुळे भावाला दुकानात काहीच अडचण येणार नाही. म्हणूनच त्याला हे इतकं सोपं वाटतंय. पण तो 'एफ' जर्मनीपुरता आहे. भारतात उतरल्यावर त्याला काही किंमत नाही.

आणखी एक. दुकानदार "टॅक्स परत मिळेल" म्हणतात ते ऐकून हिशोब करू नका. १९ टक्के व्हॅटचा परतावा युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या ग्राहकाला मिळतो. भाऊ इथला रहिवासी असेल तर त्याला मिळणार नाही.

आमच्या गावात शुट्झनफेराइन, म्हणजे नेमबाजी मंडळ आहे. माझा मुलगा तिथे जातो. मंडळाची रायफल वापरतो, जॅकेट फक्त स्वतःचं. इथे गावोगावी अशी मंडळं आहेत, काहींचा इतिहास शेकडो वर्षांचा. खऱ्या काडतुसाची रायफल हवी असेल तर मात्र मंडळात किमान वर्षभर नियमित सराव दाखवावा लागतो, मग शस्त्रपत्रिका मिळते. घरी पोलादी कपाट सक्तीचं.

---

एडिसनकर

जर्मनी बरीच सोपी म्हणायची. आमच्या न्यू जर्सीत एअरगनसुद्धा कायद्याने फायरआर्मच धरतात. घ्यायची तर आधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं, बोटांचे ठसे वगैरे सगळं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तीच वस्तू खेळाच्या दुकानात मांडलेली असते. तिथून आणून गाडीच्या डिकीत ठेवून पूल ओलांडलात की न्यू जर्सीत गुन्हेगार. राज्याराज्यांतही सीमा आहेतच.

आणि इथे एच-१बी वर असलेल्या आपल्या मुलांना कळकळीने सांगतो, हा धागा वाचत असाल तर. नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगणं संघीय कायद्याने मना आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर त्यातून सूट आहे, पण मित्राच्या नादाने काही करण्याआधी वकिलाला विचारा. यात व्हिसा कायमचा जाऊ शकतो.

---

टेन_पॉइंट_नाइन

अमेरिकेचं इथे काय? काकांना रायफल घ्यायची आहे. परत सांगतो, एलजी ४००.

---

सुभेदार_सातारा

जय हिंद. विषय निघालाच आहे तर लिहितो.

परदेशी बंदूक सामान्य परवानाधारकाने आणणं ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. म्हणून तर आजोबांच्या वेळच्या जुन्या इंग्लिश रिव्हॉल्व्हरला आज लाखांनी भाव सांगतात. वस्तू शंभर वर्षांची, पण नवीन येतच नाही म्हटल्यावर काय होणार. आपल्यासाठी इच्छापूरची .३१५ रायफल आणि कानपूरचं रिव्हॉल्व्हर. मी .३१५ वापरतो, तक्रार नाही.

परदेशातून कायमचं परत येणाऱ्याला मात्र एक वाट आहे. किमान वर्षभरासाठी राहतं घर भारतात हलवणाऱ्याला, परवानगी असलेल्या बोअरचं एक शस्त्र आणता येतं. अटी अशा: ते परदेशात किमान एक वर्ष त्याच्याच ताब्यात आणि वापरात असलं पाहिजे, भारतातला वैध शस्त्रपरवाना आधी हातात पाहिजे, शुल्क भरलं पाहिजे, आणि पुढे ते विकता, देता, उसनं देता येत नाही. माझ्या मेहुण्याने मस्कतहून परत येताना विचारणा केली होती. इथला परवाना वेळेत झाला नाही, म्हणून शस्त्र तिकडेच विकून आला.

दुसरं दुखणं. २०१९च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. आमच्या घरची बारा बोअरची दुनळी मला त्यामुळे जमा करावी लागली. तीन पिढ्या तेल लावून ठेवलेली वस्तू. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, एवढं एक बरं झालं.

---

घाटमाथा

सुभेदार, पण नेमबाजांना तर बारा-बारा ठेवता येतात म्हणे. मग सामान्य माणसाला दोन का? हा अन्याय आहे.

---

सुभेदार_सातारा

अन्याय आहेच. शेतात रानडुकरं येतात तेव्हा नेमबाज येत नाहीत.

---

स्टँडिंग_पोझिशन

बारा सरसकट नाहीत. फेब्रुवारी २०२०च्या अधिसूचनेप्रमाणे आंतरराष्ट्रीय पदकविजेते आणि नामांकित नेमबाज यांना ती सूट आहे. नामांकित नेमबाज एकाच प्रकारात असेल तर आठ, दोन प्रकारांत दहा, त्याहून जास्त असतील तर बारा. ज्युनिअर आणि होतकरू नेमबाजाला दोन. एकाच खेळाडूला तीन पोझिशनची .२२ (एअरगन नाही, काडतुसाची), प्रोनची म्हणजे पोटावर झोपून मारायची .२२, एअर रायफल, राखीव रायफल असं लागतंच. ती शस्त्रं खेळाची आहेत, शेतावर घेऊन फिरायची नाहीत. आणि याच सवलतीच्या आडून बंदुका आणून विकणाऱ्यांना महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडलंय. त्याचा त्रास आम्हाला होतो. प्रत्येक अर्ज संशयाने बघितला जातो.

आता मूळ प्रश्नावर. मी राष्ट्रीय पातळीवर खेळलेय, सध्या मुलींना शिकवते.

पंचगंगाकाठ दादा, 'नामांकित नेमबाज' हा मान नसून कायद्यातली व्याख्या आहे. राष्ट्रीय स्पर्धेत खुल्या गटात खेळून संघटनेने ठरवलेला किमान गुणांक गाठावा लागतो. तिथे पोचायला आधी राज्य स्पर्धा, मग विभागीय किंवा मावळणकर स्पर्धा. (लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर हेच एनआरएआयचे पहिले अध्यक्ष, संघटना १९५१ची. स्पर्धेला त्यांचंच नाव आहे. आमच्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते.) तुमची लेक अजून त्या टप्प्यावर नाही, म्हणजे स्वतःच्या नावावर आयात परवानगी आज मिळणार नाही. त्यामुळे प्रश्न २चं उत्तर: आज तुमच्यासाठी कायदेशीर मार्ग म्हणजे रीतसर आयात केलेली रायफल भारतातल्या डीलरकडून किंवा दुसऱ्या नेमबाजाकडून घेणं.

आत्ता करायची कामं: जिल्हा आणि राज्य संघटनेचं सदस्यत्व, एनआरएआयचं ओळखपत्र, आणि प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवणं. पुढे तिला .२२ कडे जायचं असेल तर हेच कागद लागतील. .२२ला परवाना आलाच, आणि परवान्याचं वय २१. त्याखालच्या मुलांना सरावासाठी वेगळी तरतूद आहे, पण ती क्लब आणि संघटनेच्या कागदांवरच उभी असते.

---

जुना_छर्रा

एवढ्या कागदांपेक्षा रायफल सुटी करून आणावी. बॅरल एका फेरीत, बाकीची पुढच्या फेरीत. माझ्या ओळखीत एकाने आणलीय.

---

न्हावाशेवा_सीएचए

हे लिहिणंही धोक्याचं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात. सुटं केल्याने तो पाइपचा तुकडा होत नाही. उलट लपवण्याचा हेतू दिसतो आणि प्रकरण जड होतं. परवाना लागणाऱ्या बंदुकीच्या बाबतीत तर कलम १०चा भंग म्हणजे २०१९नंतर किमान दोन वर्षांची कैद, जास्तीत जास्त पाच वर्षं. संपादकांना विनंती, वरचा प्रतिसाद काढावा.

त्याच कलम १०मध्ये परदेशी पर्यटकाला खेळासाठी मर्यादित काळ शस्त्र आणायची सूट आहे. काहीजण त्यावर बोट ठेवतात. ती खऱ्या पर्यटकाला, ठरावीक देशांच्या नागरिकाला आहे, आणि परत घेऊन जायच्या शस्त्राला. कोल्हापूरच्या पुतणीला भेट द्यायला नाही.

---

बेळगावची_लेक

सीएचए काकांशी सहमत. आमच्या क्लबमधल्या एका मुलाचं सांगते. परदेशातल्या स्पर्धेला गेला होता, सगळी कागदपत्रं पक्की. येताना संघाचं विमान चुकलं म्हणून याने स्वतःच दुसरं तिकीट काढलं, मधल्या देशात विमान बदलायचं. त्या देशात नुसतं पुढच्या विमानात चढवायलासुद्धा शस्त्राची आगाऊ परवानगी लागते. विमान कंपनीने पेटी चढवलीच नाही. तो घरी आला आणि रायफल तिकडच्या गोदामात. राज्य स्पर्धा क्लबच्या रायफलवर खेळला, गुण पडले. त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. दुबई, सिंगापूरमार्गे तिकीट काढणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

---

स्टँडिंग_पोझिशन

+१. आणि पुढे कधी स्पर्धेला बाहेर गेलात तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, त्यावर रायफलचा क्रमांक लिहून घ्या. नाहीतर परत येताना स्वतःचीच रायफल नवी आणली नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. एअर रायफलचा सिलिंडर विमानात पूर्ण रिकामा करून न्यायचा. आणि .२२वाल्यांसाठी, काडतुसं चेक-इन सामानातच, माणशी ५ किलोपर्यंत, तीही विमान कंपनीला आधी कळवून.

---

एलजी_फॅन_पुणे

वाल्थर एलजी ४०० ला +१. मीही तेच सांगणार होतो.

---

ओबरनडॉर्फ

वाल्थर, वाल्थर काय लावलंय. फाइनवेर्कबाऊ घ्या. धक्का जवळजवळ जाणवत नाही, ट्रिगर लोण्यासारखा. माझी बारा वर्षं जुनी आहे, अजून दहाच्या ठिपक्यात घालते. तो ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेनाच्या टोकाएवढा. ज्यांना गुण पडत नाहीत ते ब्रँड बदलत बसतात.

---

टेन_पॉइंट_नाइन

बारा वर्षं जुनी असेल तर सिलिंडरची तारीख बघितलीत का?

---

ओबरनडॉर्फ

सिलिंडर बदललाय. मलाही कळतं.

---

स्टँडिंग_पोझिशन

हा मुद्दा भांडणात हरवायला नको. दादा, वापरलेली रायफल बघायला जाल तेव्हा सगळ्यात आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. २०० बारचा दाब असतो त्यात. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे मुदतीतला सिलिंडर वापरणं ही खेळाडूची जबाबदारी असते. मुदत संपलेला सिलिंडर असेल तर नव्याची किंमत सौद्यातून वजा करा. दुसरं, नळीवरचा आणि बॉडीवरचा क्रमांक बिलावर आहे का, ते ताडून बघा. तिसरं, मूळ आयातीचे कागद मागा. विकणारा "कागद गावी आहेत" म्हणाला तर चहा पिऊन उठा. परवाना लागत नसला तरी चोरट्या मार्गाने आलेली वस्तू ती चोरटीच. आणि सवलतीत आयात केलेली असेल तर ती विकता येते का, कोणत्या अटीवर, हे संघटनेकडून लेखी विचारून घ्या.

दीड लाखात चांगली वापरलेली रायफल मिळते. पुणे, मुंबईत विचारा, बारावीनंतर खेळ सोडणारी मुलं बरीच असतात.

---

मिरज_जंक्शन

माझ्याकडे आहे. मुलाने सोडलंय, मेडिकलला गेला. अॅल्युमिनियम स्टॉक, बिल आहे, आयातीचे कागद आहेत, सिलिंडरला अजून मुदत आहे. एक पंच्याहत्तर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

पंचगंगाकाठ

सर्वांचे आभार, विशेषतः सीएचए साहेब आणि स्टँडिंग_पोझिशन ताई. भावाला धागा वाचायला दिला. त्याने रायफलचा विचार सोडला. "दादा, इथे दुकानात एवढी सहज मिळते, त्यामुळे असं काही असेल असं वाटलंच नाही," म्हणाला.

मिरजकर, व्यनि केला आहे. कागद बघायला आवडतील, पण एक पंच्याहत्तर जमणार नाही.

एक विचारतो. भारतीय बनावटीची पीसीपी (आधीच दाबाने भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल कशी? बजेटच्या निम्म्याहून कमी किमतीत येते असं दिसतंय.

---

टेन_पॉइंट_नाइन

नको. काका, नको. दोन वर्षांत विकावी लागेल आणि विकत कोणी घेणार नाही.

---

ओबरनडॉर्फ

पहिल्यांदाच टेन_पॉइंट_नाइनशी सहमत. सवय चुकीची लागते. ट्रिगर वेगळा, तोल वेगळा.

---

एलजी_फॅन_पुणे

देशी नको. +१.

---

घाटमाथा

मी पक्षी उडवायला घेतली होती एक देशी. एका पावसाळ्यात गंजली.

---

स्टँडिंग_पोझिशन

पक्ष्यांवर एअरगन चालवू नका, वन्यजीव कायदा आहे. शिवाय ती स्प्रिंगची असणार, पीसीपी नाही.

दादा, स्पष्ट बोलते. स्पर्धेसाठी मीही देशी सुचवणार नाही. मिरजकरांशी थोडी घासाघीस करा, नाहीतर दोन-तीन महिने थांबा. राष्ट्रीय स्पर्धेनंतर बाजारात रायफली येतात.

---

सई_श्टुटगार्ट

रायफल नाही तर नाही, पण भावाच्या सामानातून जॅकेट-पँट आणता येईल की. ते कापड आणि चामडं आहे, शस्त्र नाही. हातमोजा आणि बूटही. शुल्कमुक्त मर्यादेपेक्षा किंमत वर गेली तर जाहीर करून शुल्क भरायचं, एवढंच. डायोप्टर (नेम धरायची मागची साइट) किंवा ट्रिगरचे भाग मात्र आणू नका, सीएचए काकांनी वर सांगितलंय ते लक्षात ठेवा. छर्रेही नकोत.

इथे मापानुसार शिवून देतात. १४ वर्षांची असेल तर थोडं वाढतं माप घ्या, पण फार नाही. जॅकेट ढिलं असेल तर काही उपयोग नाही आणि स्पर्धेत जाडी-कडकपणा मोजतात.

---

एडिसनकर

आमच्या इथे महाराष्ट्र मंडळात एकाने भारतात शस्त्र पाठवता येईल का असं विचारलं होतं. अमेरिकेतून रायफल बाहेर पाठवायलाही त्यांच्या वाणिज्य खात्याचा निर्यात परवाना लागतो. पूर्वी परराष्ट्र खात्याकडे होतं, २०२० पासून बदललं. म्हणजे दोन्ही टोकांना कुलूप आहे. कुणी करणार असाल तर एकाच टोकाची चौकशी करून थांबू नका.

---

पंचगंगाकाठ

मंडळी, निर्णय झाला, कळवतो.

मिरजकरांकडे जाऊन आलो. माणूस सज्जन, कागद चोख, सिलिंडरवरची तारीख स्वतः वाचली. पण एक साठच्या खाली ते येईनात, आणि वरून पेटी, पंप, छर्रे धरले की आमच्या आवाक्याबाहेर. त्यांनाही दोष नाही, वस्तू त्या किमतीची आहे.

आम्ही भारतीय बनावटीची पीसीपी घेतली. ४.५ मिमी, २० जूलच्या आतली, डीलरने आधार कार्ड घेऊन पक्कं बिल दिलं, बिलावर क्रमांक आहे. तुम्ही बहुतेकांनी नको म्हटलंत, त्यामुळे कारण सांगतो. दोन वर्षांवर दहावी आहे. रोज क्लबला जाणं होत नाही, जाऊन-येऊन दीड तास मोडतो. घरी माडीवर लांबीला जेमतेम दहा मीटर मिळतात, मागे भिंतीला वाळूच्या पोत्यांसमोर लोखंडी पेटी लावली आहे, दार आतून बंद, कुणी असताना सराव नाही हा नियम. रायफल कुलपात, किल्ली माझ्याकडे. रोज अर्धा तास उभं राहणं, श्वास, ट्रिगर एवढंच ती घरी करणार. शनिवार-रविवार आणि स्पर्धा क्लबच्या रायफलवर. सरांनाही विचारलं. ते म्हणाले, आवडलं नाही पण रोज उभी राहत असेल तर हरकत नाही.

उरलेल्या पैशातून जॅकेट आणि पँट. सईताई, मापं कशी घ्यायची ते व्यनि कराल का? भाऊ पुढच्या आठवड्यात दुकानात जातोय.

---

टेन_पॉइंट_नाइन

चुकीचा निर्णय आहे, पण शुभेच्छा. पुण्याला स्पर्धेला आलात तर माझी एलजी ४०० तिला एकदा हातात देईन.

---

स्टँडिंग_पोझिशन

दादा, रोज उभी राहणार असेल तर मीही जास्त बोलत नाही. एक करा: घरच्या रायफलचं वजन आणि तोल क्लबच्या रायफलच्या जवळ आणा. पुढच्या बाजूला वजनं लावता येतात. एकूण ५.५ किलोच्या वर जायचं नाही, नियमाची मर्यादा तीच आहे, आणि तिच्या वयाला तेवढंही नको. पाठीची काळजी घ्या. ओळखपत्राचा अर्ज केलात का?

---

पंचगंगाकाठ

राज्य संघटनेचा भरलाय. एनआरएआयच्या अर्जासाठी फोटो परत मागितला, उद्या पाठवतो.

---

सई_श्टुटगार्ट

व्यनि केला आहे. छाती, कंबर, खांद्यापासून मनगट, आणि पाठीची लांबी मानेच्या हाडापासून. टी-शर्टवर माप घ्या, उभी असताना. ती डावखुरी आहे का? डावखुरी असेल तर जॅकेटची बटणं आणि पॅड उलट बाजूला येतात, भावाला तेवढं दुकानात आधी सांगायला सांगा.

---

पंचगंगाकाठ

उजवी. आजच मापं घेतो.